नांगर सोडला, तर युरिया फेकणंही सोडायला हवं

न नांगरता पेरणी ही आता बेळगाव भागात ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. सोयाबीन निघालं की रान न उलथता कुरीनं (पाभरीनं) सरळ शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरणारे, मक्याचं धसकट जागेवर ठेवून त्यातच पुढचं पीक घेणारे, उसाचं पाचट न पेटवता खोडवा राखणारे शेतकरी निपाणीपासून अथणीपर्यंत भेटतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्रही इकडच्या भातवाल्यांच्या कानावर गेलेलं आहे: गादीवाफे एकदाच करायचे, पुढं नांगर लावायचा नाही, जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. डिझेल वाचतं, ओल टिकते, वळवाच्या पावसात माती वाहून जात नाही, गांडुळं परत येतात. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ऐकू येणारी तक्रार मनाला लागते. "खत दरवर्षीएवढंच टाकलं, पण पीक फिकं पडलं. नांगरलं असतं तर बरं झालं असतं." पुढच्या उन्हाळ्यात त्या रानात पुन्हा नांगर फिरतो आणि जमलेली माती एका दिवसात उलथली जाते.

माझ्या मते यात न नांगरण्यावर उगाच आळ येतो. आपण नांगर सोडला, पण खत टाकायची नांगराच्या काळातली सवय तशीच ठेवली. पूर्वी युरिया फेकला की मागोमाग कुळव फिरायचा. उभ्या पिकात दिला तर दोन दिवसांत कोळपं चालायचं. कोळपणी तणासाठी करतो असं आपण म्हणत होतो, पण तीच कोळपणी युरियाला दोन बोटं मातीखाली झाकत होती. मशागत थांबली तसं हे झाकणंही थांबलं. आता तोच युरिया, तेवढाच, तसाच मुठीनं उधळला तर तो मातीवर पडण्याऐवजी काडीकचऱ्यावर पडतो. युरिया पडायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. का, ते नीट समजून घेऊ.

एका दाण्याचं काय होतं

युरियात वजनाच्या ४६ टक्के नत्र असतं. पण पीक ते युरियाच्या रूपात फारसं उचलत नाही. आधी युरियाचं अमोनियम व्हावं लागतं, मग जमिनीतले जिवाणू बहुतेक अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि मुळं या दोन रूपांत नत्र घेतात. यातलं पहिलं काम युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये हे विकर अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपात वेगळं काढलं. जगात स्फटिकरूपात मिळालेलं ते पहिलं विकर, आणि त्या कामासाठी समनरना १९४६ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आपल्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की युरिएज मुळात वनस्पतींत आणि जिवाणूंत असतं. म्हणजे जिथं काडीकचरा जास्त आणि त्यावर जगणारे जिवाणू जास्त, तिथं युरिएजही जास्त. न नांगरलेल्या रानाचा वरचा बोटभर थर म्हणजे युरिएजचं भांडारच.

आता नोव्हेंबरातली एक रात्र डोळ्यासमोर आणा. दूधगंगेच्या नाहीतर कृष्णेच्या काठचं रान, मक्याचं धसकट आणि पाला पसरलेला, त्यातून शाळू वीतभर वर आलेला. संध्याकाळी युरिया उधळला. पाऊस नाही, पाणी नाही. पहाटे धुकं उतरतं, पाल्यावर दव साचतं. युरियाचा दाणा हवेतली ओल ओढून घेतो, हवेतला दमटपणा साधारण पाऊणाच्या वर गेला की तो आपोआप पाझरायला लागतो. सकाळी बघितलं तर दाणे दिसत नाहीत. शेतकरी म्हणतो, "विरघळला, लागू झाला." खरं म्हणजे दाणा विरघळला, पण मातीत गेला नाही. तो मक्याच्या ओल्या पानावर पातळ थर होऊन पसरला, जिथं युरिएज त्याची वाटच बघत होतं. दुपारी ऊन पडलं, पान वाळलं आणि अमोनिया वायू होऊन हवेत गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा दव, दुसऱ्या दुपारी पुन्हा ऊन. उबदार हवेत युरियाचं बहुतेक विघटन तीन ते सात दिवसांत उरकतं, काडीकचऱ्यावर त्याहूनही लवकर.

इथं एक बारकावा आहे जो फार थोड्यांना ठाऊक असतो. युरिया फुटताना आजूबाजूची माती अल्कधर्मी होते, म्हणजे तिचा सामू (पीएच) वर चढतो. मूळ जमीन आम्लधर्मी असली तरी दाण्याभोवतीच्या चिमूटभर मातीत तो काही दिवस साडेआठ-नऊपर्यंत जाऊ शकतो. आणि अमोनियमचा अमोनिया किती होणार, हे सामूच ठरवतो. सामू ७ असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे पाच भाग. सामू ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सामूचा एकेक आकडा किती महाग पडतो, हे यावरून कळेल. दाणा मातीत चार-पाच सेंटिमीटर खाली असेल तर अमोनिया तयार झाला तरी वर येता येता मातीच्या कणांना चिकटतो, ओलीत विरतो. वर काडीवर असेल तर त्याला धरून ठेवायला काहीच नसतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत आपल्याच रानातली ओलसर माती निम्म्यापर्यंत भरा. एकीत मातीवर मक्याचा किंवा भाताचा ओला काडीकचरा पसरून त्यावर अर्धा चमचा युरिया टाका. दुसरीत तेवढाच युरिया मातीत तीन बोटं खोल गाडा आणि तेवढाच काडीकचरा वर ठेवा. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, पुन्हा ओलसर करून दोन्ही झाकणांच्या आत चिकटवा आणि बरण्या घट्ट बंद करून उबेला ठेवा. हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. दोन-चार दिवसांत पहिल्या बरणीतली पट्टी तांबूस व्हायला लागते. दुसरीतली बराच काळ पिवळीच राहते. झाकण उघडून पहिल्या बरणीचा वास घेतलात तर डोळ्यांत पाणी येईल, तेव्हा जपून. गोठ्यात सकाळी मुताचा जो उग्र दर्प येतो, तोच हा वास.

पूर्वेची काळी, पश्चिमेची तांबडी

बेळगाव जिल्ह्यात एकच सल्ला सगळीकडे लागू पडत नाही, आणि याचा विचार आपण पुरेसा करत नाही. पश्चिमेला खानापूर तालुका सह्याद्रीला टेकलेला. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथं आणि जांबोटी पट्ट्यात पाऊस कोसळतो, जमीन तांबडी-जांभी आणि आम्लधर्मी. पूर्वेला अथणी, रायबाग, गोकाककडे काळी भारी जमीन, चुनखडीचं प्रमाण जास्त, सामू आठाच्या आसपास किंवा वर. अथणीत वर्षभरात पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरं म्हणायचं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात नत्र हरवायच्या वाटा पार बदलतात.

पूर्वेच्या काळ्या रानात मुख्य चोर हवा. सामू आधीच चढा, ऊन कडक, पाऊस कमी. वर फेकलेला युरिया इथं सर्वांत जास्त उडतो. प्रतिकूल परिस्थितीत, म्हणजे काडीकचरा ओला, हवा गरम आणि आठवडाभर पाऊस-पाणी नाही अशा वेळी, टाकलेल्या नत्राचा ३० ते ४० टक्के भागही हवेत जाऊ शकतो. दरवेळी एवढं नुकसान होतं असं नव्हे. थंडीत कमी, लगेच पाणी मिळालं तर त्याहून कमी. पण पाव हिस्सा जाणं हे इथं अगदी साधं आहे.

पश्चिमेला हवेपेक्षा पाणी जास्त नेतं. युरियाचं नायट्रेट झालं की त्याच्यावर ऋण भार असतो, आणि मातीच्या चिकण कणांवरही ऋण भारच. त्यामुळं माती नायट्रेटला धरून ठेवत नाही, पाणी जाईल तिकडं ते जातं. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाच्या (पुनर्वसू-पुष्याच्या) दिवसांत खानापूरकडे एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही, आणि अशा पावसात हलक्या जमिनीतलं नायट्रेट मुळांच्या खाली निघून जातं. न नांगरलेल्या रानात गांडुळांची बिळं आणि जुन्या मुळांच्या नळ्या उभ्या राहतात. त्यांतून पाणी झपाट्यानं खाली उतरतं. खत नुकतंच वर टाकलेलं असेल तर ते त्या वाटेनं थेट तळाशी जातं. उलट, नायट्रेट आधीच मातीच्या ढेकळांच्या आत मुरलेलं असेल तर तेच पाणी त्याला न शिवता बाजूनं निघून जातं. म्हणजे बिळं चांगली की वाईट, हे खत केव्हा टाकलं त्यावर ठरतं. खाली गेलेलं नायट्रेट शेवटी विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक आहे, आणि तान्ह्या बाळांना ते जास्त घातक ठरतं. विहीर रानातच असेल आणि घरचं पाणी तिचंच असेल तर ते एकदा तपासून घ्यावं.

तिसरी वाट पाणी साचलेल्या रानाची. मातीत हवा उरली नाही की काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन निघून जातं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडचा, जो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट हवा तापवतो. काळी भारी जमीन, नांगर नुकताच सोडलेला, पाण्याचा निचरा अजून सुधारलेला नाही, अशा पहिल्या काही वर्षांत हे नुकसान नांगरलेल्या रानापेक्षा जास्त होऊ शकतं. जमिनीची घडण बसली, निचरा सुधारला की ते खाली येतं. धीर धरावा लागतो तो इथंच.

भातात यातला एक प्रकार आपण स्वतःच्या हातानं घडवतो. बेळगाव-खानापूरकडे मिरगाच्या आधी धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, भात पेरायची जुनी रीत आहे. पेरतानाच भरपूर युरिया दिला, पहिल्या सरींवर रान ओलं झालं, पण पाणी अजून साचलेलं नाही. या दोन-तीन आठवड्यांत युरियाचं अमोनियम आणि अमोनियमचं नायट्रेट होऊन जातं. रोप अजून चार बोटांचं, त्याला एवढं नत्र नको असतं. मग आर्द्रा लागते, खाचर तुंबतं, मातीतली हवा संपते आणि ते सगळं नायट्रेट वायू होऊन जातं किंवा बांधावरून वाहून जातं. धूळवाफेच्या भाताला पेरणीबरोबर नत्र अगदी बेताचंच द्यावं. खरी गरज फुटवे फुटताना आणि पोटरीच्या आधी असते. तेव्हा खाचरातलं पाणी काढून, चिखलावर युरिया देऊन, एक दिवसानं पुन्हा पाणी बांधलं तर तो पाण्याबरोबर मातीत उतरतो. तुडुंब पाण्यात युरिया फेकणं मात्र टाळावं. दुपारच्या उन्हात शेवाळामुळं खाचरातल्या पाण्याचा सामू नऊच्या वर जातो, आणि वर सांगितलेला हिशेब तिथं पाण्यातच सुरू होतो. चारसूत्री भातशेतीत चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोल खोचतात, त्यामागचं शास्त्र हेच.

गेलेलं नत्र आणि अडकलेलं नत्र

पीक पिवळं पडलं म्हणजे नत्र उडालंच असं समजू नये. एक प्रकार असा आहे की नत्र रानातच असतं, पण पिकाच्या हाताला लागत नाही. काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बनबरोबर नत्रही लागतं. त्यांच्या स्वतःच्या शरीरात साधारण आठ भाग कार्बनला एक भाग नत्र असतं. मक्याच्या ताटांत ते साधारण साठास एक, गव्हाच्या काडात ऐंशीला एक. एवढं नत्र काडात नाही म्हणून जिवाणू ते मातीतून उचलतात, आणि वर युरिया पडला असेल तर आधी त्याच्यावर ताव मारतात. हे नत्र जिवाणूंनी पिकाकडून घेतलेलं उसनं आहे. ते मेले, कुजले की परत मिळतं, पण त्याच हंगामात मिळेल याची खात्री नाही. सोयाबीनच्या गळालेल्या पाल्यात नत्र बरंच असतं, त्यामुळं सोयाबीनवर पेरलेल्या शाळूला हा त्रास कमी. मक्याच्या धसकटात पेरलेल्या गव्हाला जास्त. दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी नांगर सोडला आणि एकाचं पीक हिरवं, दुसऱ्याचं पिवळं, असं दिसलं तर आधी मागचं पीक कोणतं होतं ते विचारावं.

उडालेलं नत्र मात्र परत येत नाही, आणि अडकलेलं येतं. तीन-चार वर्षं काडीकचरा रानात ठेवला की दरवर्षी उसनं परत येण्याचा ओघ वाढत जातो. सुरुवातीच्या वर्षांत नत्र थोडं वाढवून द्यावं लागतं ते याचसाठी, आणि तेही काडीच्या खाली, जिथं मुळं आधी पोचतील. या वर्षांत घाबरून काडीकचरा पेटवणं हा सर्वांत तोट्याचा सौदा आहे. त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं.

आता पैशाचं बोलू. युरियाची पिशवी ४५ किलोची आणि अनुदानामुळं ती साधारण २६६ रुपयांना मिळते. तिच्यात सुमारे २०.७ किलो नत्र असतं. पाव हिस्सा उडाला तर पाच किलो नत्र गेलं, म्हणजे सत्तर रुपयांच्या आतला माल. एवढ्यासाठी मजूर लावून खत कोण झाकणार, असं म्हणणं साहजिक आहे. पण एक क्विंटल मका पिकायला दाणा आणि ताट मिळून सुमारे दोन किलो नत्र लागतं. त्या हिशेबानं उडालेलं पाच किलो नत्र म्हणजे दोन-अडीच क्विंटल मक्याच्या वाट्याचं अन्न. युरिया इतका स्वस्त आहे की नुकसान पिशवीच्या दरात दिसत नाही, ते पोत्यांच्या संख्येत दिसतं. सरकारी तिजोरीतून भरलेली किंमत तर आपण मोजतच नाही.

मग करायचं काय

कोरडवाहू शाळूचा विषय सर्वांत सोपा आणि सर्वांत महत्त्वाचा. हस्त-चित्रा ओसरली की अथणी-रायबागकडे वर पाऊस नाही. उभ्या शाळूत युरिया फेकून तो खाली नेणारं पाणी कुठून आणणार? म्हणून सगळं नत्र पेरतानाच, दोन चाड्यांच्या कुरीनं, ओलीत गेलं पाहिजे. बी आणि खत एकाच तासात एकमेकांना चिकटून पडता कामा नये. युरियातून निघणारा अमोनिया कोवळा कोंब जाळतो. खत बियाच्या बाजूला दोन बोटं आणि खाली दोन बोटं पडेल अशी फणांची रचना लोहाराकडून करून घेता येते. वाफसा असताना पेरलं तर फण काडी चिरत मातीत जातो आणि तास झाकला जातो. जास्त ओलीत तास उघडा राहतो, खत दिसत राहतं, आणि मग कुरी वापरूनही न वापरल्यासारखंच होतं. तास उघडे राहिले तर मागून फांदी किंवा साखळी ओढावी.

मक्याचं गणित वेगळं. त्याची नत्राची भूक गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत सर्वांत मोठी असते. पेरणीला थोडं, गुडघ्याला जास्त, तुऱ्याच्या आधी उरलेलं, अशी वाटणी त्याला मानवते. काडीकचरा असलेल्या रानात हे दुसरं-तिसरं खत कसं द्यायचं, हा खरा प्रश्न. मजूर असतील तर ओळीच्या कडेनं, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, काडी बाजूला सारून कुदळीनं चीर पाडावी, खत घालून पायानं दाबावं. उधळण्यापेक्षा ओळीत ओतणं केव्हाही चांगलं, कारण खताचा काडीशी संबंध कमी येतो. ठिबक असेल तर प्रश्नच मिटला, युरिया पाण्यातून थेट मुळाशी जातो.

तुषार संच असणाऱ्यांच्या हाती मोठं हत्यार आहे. युरियाच्या रेणूवर कसलाच भार नसतो, त्यामुळं फुटण्याआधी तो पाण्याबरोबर सहज खाली जातो. खत दिल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, १२ ते १५ मिलिमीटर पाणी दिलं तर तो काडी ओलांडून मातीत उतरतो. १२ मिलिमीटर म्हणजे एकरी जवळजवळ ४८ हजार लिटर. बऱ्याच संचांना यासाठी तास-दीड तास लागतो, पण अंदाजावर जाऊ नये. सरळ कडांचे दोन-तीन रिकामे डबे रानात वेगवेगळ्या जागी ठेवावे आणि आत साचलेलं पाणी फूटपट्टीनं मोजावं. सव्वा सेंटिमीटर भरलं की पुरे. दहा मिनिटं संच चालवून बंद करणं हे दवासारखंच घातक, दाणा फक्त ओला होतो. पावसावर भरवसा ठेवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. नुसती भुरभुर येणार असेल तर थांबावं. धो-धो येणार असेल तरी थांबावं, विशेषतः उताराच्या रानात, कारण विरघळलेला युरिया ओढ्याला लागतो. बेताची एक सर हवी असते. ती हेरणं सोपं नाही, म्हणूनच मी पावसाच्या भरवशापेक्षा मातीत गाडण्यावर जास्त भर देतो.

यावर हुक्केरीकडच्या एकानं विचारलेला प्रश्न रास्त होता. "आण्णा, युरियाला आता लिंबोळीचं तेल लावलेलं असतं, मग तो उडेल कसा?" देशात युरियाला लिंबोळीचं वेष्टन २०१५ पासून सक्तीचं आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. पण तो साखळीच्या दुसऱ्या कडीवर. लिंबोळीतले घटक अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतात, म्हणून पावसाच्या पश्चिम पट्ट्यात निचऱ्याचं नुकसान कमी व्हायला मदत होते. पहिल्या कडीवर, म्हणजे युरिएजवर, त्याचा फारसा जोर चालत नाही. उलट अमोनियम वरच जास्त दिवस राहिलं तर उडायला त्याला जास्त वेळ मिळतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात युरिएजलाच रोखणारं औषध लावलेला युरिया विना नांगरणीचे शेतकरी वापरतात.

अमोनियम सल्फेटबद्दलही अर्धवट माहिती फिरते. तो उडत नाही, हे खानापूरच्या आम्लधर्मी जमिनीत बरोबर आहे. अथणीच्या चुनखडीच्या जमिनीत वर टाकला तर चुन्याशी संयोग होऊन त्यातूनही अमोनिया सुटतो. गंधकासाठी तो जरूर वापरावा. कर्नाटकात २००९ पासून राबवलेल्या भूचेतना कार्यक्रमात कोरडवाहू रानांत गंधक, जस्त आणि बोरॉनची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती, आणि गंधक कमी असेल तर घेतलेलं नत्रही पिकाच्या अंगी लागत नाही. पण काळ्या रानात तोही मातीखालीच गेला पाहिजे.

आपल्याकडची एक अडचण सीमेची आहे. मराठी वाचणारा शेतकरी महाराष्ट्रातली कृषी नियतकालिकं वाचतो, त्यांतल्या शिफारशी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या असतात. रान मात्र धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात. आकडे नेहमी जुळत नाहीत. शिवाय शिफारस हेक्टरी असते आणि आपण टाकतो एकरी, तेव्हा आधी अडीचनं भागायचं हे विसरू नये. माती तपासून मिळालेली पत्रिका कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात बसून ती वाचून घ्यावी. त्यात नत्राच्या आकड्याआधी सामू, चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब बघावा. सामू आठाच्या वर असेल तर त्या रानात वर युरिया फेकायचा नाही, हे तिथंच ठरून जातं.

ज्यांना हे वाचूनही शंका आहे त्यांनी माझ्या शब्दावर जाऊ नये. यंदाच्या मक्यात किंवा शाळूत रानाच्या मधोमध चार-चार ओळींचे दोन पट्टे आखावे. बांधाकडचे घेऊ नयेत, तिथं सावली आणि ओल वेगळी असते. दोन्ही पट्ट्यांना युरिया वजन करून सारखाच द्यावा, एकात नेहमीसारखा उधळून, दुसऱ्यात ओळीच्या कडेनं गाडून. आठवडाभरानं नव्हे, तर तीन-चार आठवड्यांनी खालची पानं बघावी, कारण नत्र कमी पडलं की पिवळेपणा आधी खालच्या पानाच्या टोकाला येतो आणि मधल्या शिरेनं आत सरकतो. काढणीला दोन्ही पट्ट्यांची कणसं वेगळी मळावी, वेगळ्या पोत्यांत भरावी आणि एकाच काट्यावर तोलावी.